एअरब्रश शिकायचाय? आधी शाईची बाटली आणा, रंगाचं नंतर बघू

एअरब्रशबद्दल, म्हणजे हवेच्या जोरानं रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या छोट्या गनबद्दल, मला कोणीही विचारलं की पहिला प्रश्न ठरलेला, गन कुठली घेऊ. परवा एक मित्र मोबाईलमध्ये जपानी इवाटा गनचा फोटोच घेऊन आला, किंमत बघून मला घाम फुटला. म्हटलं बे, तुला अजून सरळ रेघ मारता येत नाही, आधी हवा कुठून आणणार ते सांग की. कारण ह्या छंदात शिकण्यापुरती साधी गन स्वस्तात मिळते, पैसे खातो तो हवा दाबून देणारा कॉम्प्रेसर, आणि त्याच्याहून जास्त खातो तो चुकीचा रंग. जाड रंग भरायचा, गन चोक करायची, चिडून उघडायची, पुढचं बारीक तोंड, म्हणजे नोझल, मोडायचं, नवीन मागवायचं, आणि दोन महिन्यांत सगळं माळ्यावर. सोलापुरात असे माळ्यावर गेलेले तीन सेट मला माहीत आहेत, त्यातला एक मी अर्ध्या किमतीत घेतलाय.

माझं सांगायचं तर मी युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब लिहितो. चित्रकलेचं शिक्षण म्हणजे शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, ग्रेड विचारू नका. श्रावणात गणपतीच्या एका शेडमध्ये कारागीर एअरब्रशनं मूर्तीला शेडिंग करत होता, सोंडेच्या वळ्यांमध्ये तपकिरी असा काही सोडला की पांढऱ्या मातीत मांस भरल्यासारखं वाटलं, दोन मिनिटांत. तिथं डोकं फिरलं. त्याला विचारलं कसं शिकलात, तर म्हणाला पहिलं वर्षभर नुसती गन धुतली. मला वाटलं मस्करी करतोय. नव्हता करत.

आता कामाचं. गन घेताना तीन शब्द लक्षात ठेवा, ड्युअल ॲक्शन, ग्रॅव्हिटी फीड, ०.३ मिलिमीटरचं नोझल. ड्युअल ॲक्शन म्हणजे ट्रिगर खाली दाबला की हवा आणि मागं ओढला की रंग, दोन्ही एकाच बोटानं. सिंगल ॲक्शन आणखी स्वस्त मिळते, दाबलं की रंग येतो एवढंच, सपाट काम चालतं पण शेडिंगचा हात त्यावर बसत नाही. ग्रॅव्हिटी फीड म्हणजे वाटी वर असते, रंग आपोआप खाली उतरतो, चार थेंबांत काम भागतं आणि कमी प्रेशर पुरतं. खाली बाटली लटकवलेली ती सायफन, मोठ्या कामाला बरी, शिकणाऱ्याचा रंग उगाच वाया घालवते. ०.२ ची नोझल बारीक रेघ देते म्हणून पोरं तीच घेतात आणि मग दर पाच मिनिटांनी अडकली म्हणून रडतात. ०.३ घ्या, जाड फॅब्रिक कलर मारायचा असेल तर ०.५. मी घेतली ती विनानावाची चायना गन साडेआठशेला पडली आणि तीन वर्षं झाली चालतीये, मध्ये फक्त एक नीडल, म्हणजे नोझलच्या आतली सुई, आणि एक नोझल बदललं.

हवेचं गणित नीट समजून घ्या कारण खरे पैसे इथं वाचतात. एअरब्रशला प्रेशर फार लागत नाही, १५ ते २५ पीएसआय बास, पण ते एकसारखं लागतं. माशांच्या टाकीचा पंप चालत नाही, त्यात तेवढा दमच नसतो. नेब्युलायझर लावून बघितला, शाईला जेमतेम, बाकीला कमी पडतो. मी सुरुवात केली ती गाडीच्या स्टेपनीवर! हसू नका. रिमवर चढवलेला, चांगल्या अवस्थेतला जुना टायर, पंक्चरवाल्याकडं ३५ पीएसआय भरून आणायचा, व्हॉल्व्हवर बसणारी क्लिप, तिथून पाइप, मध्ये प्रेशर कमी-जास्त करणारा छोटा रेग्युलेटर, पुढं गन. सलग दाबून धरलं तर चार-पाच मिनिटांत दम संपतो पण ठिपके आणि रेघा मारायला थोडी थोडीच हवा लागते, त्यामुळं एका टायरात पंधरा-वीस मिनिटांची प्रॅक्टिस होते, आणि आवाज शून्य, रात्री अकराला पण करता येते. पंक्चरवाला पहिले आठ दिवस विचारायचा, रोज कुठं पंक्चर होतंय तुमचं? टायरवर लिहिलेल्या प्रेशरच्या वर मात्र भरू नका, आणि प्लॅस्टिकच्या बाटलीत किंवा कॅनमध्ये हवा भरून बघायचे उद्योग अजिबात नकोत, फुटलं तर डोळा जाईल.

फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरचा जुगाड पण लोक करतात, आवाज खरंच कमी असतो. पण सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच, आणि तेल अडवणारा फिल्टर हे तिन्ही नसतील तर त्याच्या नादी लागू नका, हवेबरोबर तेलाचे शिंतोडे येतात आणि कागदावर माशांचे डोळे पडल्यासारखे गोल गोल उमटतात. चार्जिंगवाला छोटा सेट, गनच्या बुडाला कॉम्प्रेसर चिकटवलेला, तो केकवाले आणि नेल आर्टवाले वापरतात. वाईट नाही, पण बहुतेकांत प्रेशर हवं तसं कमी-जास्त करता येत नाही आणि हातात जड लागतो.

छंद टिकला, म्हणजे तीन-चार महिने झाले आणि अजून कंटाळा आला नाही, मग छोटा ऑइल-फ्री कॉम्प्रेसर घ्या, १/६ एचपीचा, आणि टाकी असलेलाच. ३ लिटरची टाकी पुरते, साधारण ४ बारला (बार हे पण प्रेशरचंच माप) आपोआप बंद होतो आणि ३ ला परत सुरू. बिनटाकीच्या मशीनमध्ये पिस्टनचे धक्के थेट गनपर्यंत येतात, रेघ थरथरल्यासारखी दिसते आणि आपल्याला वाटतं हात कापतोय. गनचा आटा बहुतेक १/८ इंची असतो, कॉम्प्रेसरचा १/४ असला तर मध्ये ॲडॉप्टर लागतो, एमआयडीसीच्या बाजूला न्यूमॅटिक फिटिंगच्या दुकानात गन सोबत घेऊन जा, बसवून बघा, मग पैसे द्या. आट्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळा, साबणाच्या फेसानं गळती बघा. माझा पहिल्या दोन महिन्यांचा खर्च गन धरून दोन हजाराच्या आत बसला, कॉम्प्रेसर नंतर जुना घेतला साडेचार हजारात.

आता शाई. पहिले पंधरा दिवस गनमध्ये रंग घालूच नका. फाउंटन पेनची शाई, निळी किंवा काळी, नवी पेठेत कुठल्याही स्टेशनरीत मिळते, तिच्यात तेवढंच पाणी घालून वापरा. शाईत जाड कण नसतात, चोक होत नाही, आणि पाण्यानं सहज धुतली जाते. म्हणजे काही बिघडलं तर चूक आपल्या बोटाची आहे हे नक्की कळतं. रंग घातला असता तर चूक बोटाची, रंगाची, का प्रेशरची, शोधत बसा. खाण्याचा रंग पाण्यात विरघळवून गाळून घेतला तरी चालतो. तसं बघितलं तर हे यंत्र जन्मलंच पातळ रंगासाठी, १८७९ च्या सुमारास अमेरिकेत ॲब्नर पीलर नावाच्या माणसानं पहिलं बनवलं, पुढं १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिकनं आजच्यासारखी, आतल्या आत हवा-रंग मिसळणारी गन आणली, आणि फोटोशॉप यायच्या आधी फोटो स्टुडिओत रिटचिंग ह्याच गननं व्हायचं. मूर्ती, हेल्मेट, टी-शर्ट हे सगळं नंतरचं.

बोटाची सवय अशी लावायची: आधी हवा, मग रंग, थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हे उलटं झालं की पुढच्या वेळी दाबल्यावर पहिला थेंब पच्चकन पडतो. जेवताना, टीव्ही बघताना रिकामी गन हातात धरून हे करत बसा, मी पोळीचा घास एका हातात आणि गन एका हातात असं केलंय, आईनं घर सोडून जायची धमकी दिली होती.

मग गणिताची चौकटीची वही घ्या. जिथं दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथं एक ठिपका, पान भरेपर्यंत. कागदापासून एक-दीड सेंटीमीटर. ठिपके एकसारखे यायला मला नऊ दिवस लागले. मग ठिपक्याला ठिपका जोडणाऱ्या रेघा, आणि इथं एक गोष्ट कोणी सांगत नाही की हात आधी हलायला लागला पाहिजे आणि रंग मग सुटला पाहिजे, आणि रेघ संपवताना रंग आधी थांबतो, हात पुढं जातच राहतो, नाहीतर रेघेच्या दोन्ही टोकांना गाठी येतात, हाडासारखी रेघ दिसते. फिरवायचं मनगट नाही, खांद्यापासून अख्खा हात. त्यानंतर जाड सुरू होऊन टोकाला निमुळती होणारी रेघ, कट्यारीच्या पात्यासारखी, ट्रिगर हळूहळू पुढं सोडत आणि गन कागदाजवळ नेत. केस, गवत, पिसं, गणपतीच्या सोंडेवरच्या रेषा, सगळं ह्या एका रेघेत आहे, म्हणून इथं वेळ घालवा, महिना गेला तरी चालेल. कागद वाया जातोय म्हणून जीव तुटत असेल तर ‘संचार’ पेपरचे जुने अंक घ्या, अक्षरांवर मारलं तरी रेघ कळते.

शेड म्हणजे फिकट होत जाणारा पट्टा त्याच्या मानानं सोपा आहे, १०-१५ सेंटीमीटर लांबून, एकावर एक पातळ हात मारत जायचं, एका दमात गडद करायला जाऊ नका. ते जमलं की कागदावर वाटी ठेवून गोल कापा आणि त्या भोकातून चेंडू रंगवा, एका बाजूला गडद, उजेडाकडं कोरा कागद. पहिला चेंडू खरंच गोल दिसला त्या रात्री मी तो फ्रिजवर चिकटवला, अजून आहे.

स्टेन्सिलवर एक रुपया घालवू नका. गड्ड्याच्या यात्रेत घेतलेले रांगोळीचे छापे घरात पडलेले असतात, ते वापरा. जुन्या एक्स-रेची फिल्म कटरनं मस्त कापली जाते. कडुनिंबाची डहाळी कागदावर ठेवून वरून मारा आणि उचला, पानांची जागा पांढरी राहते. डहाळी थोडी सरकवून फिकट हात परत मारला की मागं झाडी असल्यासारखी खोली येते. छाप्यावर मारताना प्रेशर १५ च्या खाली आणि गन सरळ उभी, तिरपी धरली की हवा रंगाला छाप्याखाली ढकलते आणि कड फुटते.

मग रंग. ॲक्रिलिक घ्या, कॅमल किंवा फेव्हिक्रिलच्या छोट्या बाटल्या पुरतात, पोस्टर कलर नको, त्याची भुकटी नोझलमध्ये बसते. एक भाग रंग, दोन-तीन भाग पाणी, आणि किती पातळ म्हणाल तर दुधाएवढा, म्हशीच्या नाही, पिशवीतल्या टोन्ड दुधाएवढा. वाटीच्या कडेला ब्रशनं लावून बघा, लगेच खाली ओघळला आणि मागं रंगाचा पापुद्रा राहिला तर झालं. ओघळताना अडतो म्हणजे जाड, काहीच मागं राहत नाही म्हणजे फार पातळ. जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळल्याशिवाय गनमध्ये घालायचा नाही, हा नियम मोडला की शिक्षा लगेच मिळते. पाणी बोअरचं नको, आपल्याकडचं पाणी भांड्यावर पांढरे डाग सोडतं ते नोझलमध्ये पण सोडणारच, आरओचं घ्या नाहीतर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, स्वस्त असतं. पांढऱ्या रंगाच्या वाटेला पहिला महिना जाऊ नका, त्याचे कण जड असतात, सगळ्यात जास्त तोच अडकतो.

इथं आपल्या उन्हाळ्याचा वेगळा विषय आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला गेला की ॲक्रिलिक नीडलच्या टोकावरच वाळतो. मारता मारता रंग बंद, मग अचानक शिंतोडा. बाहेरच्या व्हिडिओत सांगतात रंग पातळ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला, ते त्यांच्या थंडीत ठीक असेल, आपल्याकडं उन्हाळ्यात अल्कोहोलनं रंग अजून लवकर वाळतो. त्याऐवजी मेडिकलमधून ग्लिसरीन आणा, एका वाटीला एक थेंब, फार तर दोन. तीन घातले तर रंग वाळतच नाही, मी घातले होते, टी-शर्टला अख्ख्या गल्लीची धूळ चिकटली. आणि दर दोन-तीन मिनिटांनी ओल्या ब्रशनं नीडलचं टोक पुसा. मी तर मेमध्ये पहाटे साडेपाचलाच बसतो.

गच्चीवर करत असाल तर बाजूला काय वाळत घातलंय ते बघा. रंगाचा धुरळा वाटतो त्यापेक्षा लांब जातो. माझ्यामुळं आमच्याकडं एका वर्षी निळ्या कुरडया झाल्या, फेकाव्या लागल्या, तो विषय घरात अजून निघतो. तेव्हापासून कारखान्यातला मोठा खोका आडवा ठेवून त्याच्या आत मारतो. पाण्याचा रंग आहे म्हणून मास्क नको असं समजू नका, बारीक कण छातीत जातातच, एन-९५ लावा, खिडकी उघडी. गाडीचे पीयू रंग, एनसी थिनर, ड्युको असलं काही घरात मारायचं नाही. आगीचा धोका आहे, आणि पीयू रंग कडक करणाऱ्या हार्डनरमधली आयसोसायनेट नावाची विषारी रसायनं साध्या मास्कला जुमानत नाहीत, ते गॅरेजवाल्यांचं काम आहे.

बिघाड चार-पाचच असतात, फिरून फिरून तेच येतात. वाटीत बुडबुडे यायला लागले म्हणजे हवा उलटी घुसतीये, नोझल सैल आहे किंवा त्याला चीर गेलीये. रेघेतून कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात म्हणजे रंग फार सुटतोय, फार जवळून, किंवा रंगाच्या मानानं प्रेशर जास्त. खरखरीत दाणे पडतात म्हणजे रंग जाड नाहीतर प्रेशर कमी, किंवा इतक्या लांबून मारताय की रंग हवेतच वाळतोय. रेघ एका बाजूलाच फेकली जाते तेव्हा नीडलचं टोक वाकलेलं असतं, नखावर फिरवून बघा, अडकेल. काचेवर आडवी ठेवून, वाकलेल्या बाजूनं बोटानं हलकं दाबत, गोल फिरवत मागं ओढा, बऱ्याचदा सरळ होते. ट्रिगर चिकट झाला तर नीडल पुसून तिला ग्लिसरीनचं नुसतं बोट लावा, तेल नको.

आणि धुणं. रंग बदलताना वाटीत पाणी, ब्रशनं ढवळा, मारून टाका, असं तीनदा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मध्ये एकदा नोझलच्या तोंडावर कापड धरून ट्रिगर ओढा, वाटीत खळखळ बुडबुडे येतात आणि आतला चिकटलेला रंग सुटतो, उघडं बोट धरू नका. दिवस संपला की नीडल बाहेर काढून पुसायची. पुसायला सोलापुरी टॉवेल वापरू नका! आपला माल जगात भारी आहे पण त्याची एक लव नोझलमध्ये गेली की अर्धा तास गेला, धुऊन धुऊन विटलेलं सुती बनियन सगळ्यात बेस्ट. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवू नका, आतल्या रबरी रिंगा फुगतात. नोझल रोज उघडायची गरज नसते, उघडलं तर खाली ताट ठेवा, कारण ते तांदळाच्या दाण्याएवढं असतं आणि माझं पहिलं नोझल मोरीत गेलंय. बसवताना बोटानं घट्ट, पान्यानं अगदी थोडासा, जोर लावला की त्याचा आटा तुटतो आणि तुकडा आत राहतो.

एवढं झाल्यावर पहिलं खरं काम म्हणून टी-शर्ट घ्या, मूर्ती नको. गावात कटपीस आणि सेकंडचा माल कुठं मिळतो हे मी सोलापूरकराला काय सांगू, सुती असला म्हणजे झालं, पॉलिस्टरवर रंग तितका नीट धरत नाही. नवा असेल तर आधी धुऊन खळ काढा, आत पुठ्ठा घाला, फॅब्रिक कलर पातळ करून प्रेशर थोडं वाढवा, २५-३० पर्यंत, म्हणजे रंग धाग्यात शिरतो. कापड ओलं दिसायला लागलं की थांबा, वाळू द्या, मग पुढचा हात. पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूनं गरम इस्त्री, वाफ न देता, एका जागी न ठेवता चार-पाच मिनिटं. मग तीन दिवस पाण्यात घालू नका. माझ्या भाच्याच्या शर्टावरचा वाघ अजून शाबूत आहे, दीड वर्ष झालं, फक्त तो आता त्याला मांजर म्हणतो.